पाचवा दिवस, दुपार मोकळी

संस्थेच्या कार्यालयात बारा घड्याळं आधीच येऊन पडली होती. भिंतीवरची, गोल, सोनेरी कडेची. मधोमध कॉलेजचं बोधचिन्ह आणि खाली ‘सप्रेम भेट’. आमच्याकडे व्याख्यानाला कुणीही येवो, निघताना त्याच्या हातात शाल, श्रीफळ आणि घड्याळ पडतंच. चीनला श्रीफळ नेणं अवघड आहे एवढं कुणाच्या तरी लक्षात आलं होतं, म्हणून यजमानांसाठी नुसती घड्याळं.

जुलै २०१९ ची गोष्ट. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका चिनी शिकवणाऱ्या बाईंशी फोनवर बोलणं झालं होतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, बाकी काहीही न्या, घड्याळ नेऊ नका. ‘घड्याळ भेट देणं’ आणि ‘मरणाऱ्याची शेवटची पाठवणी करणं’ हे दोन्ही चिनी भाषेत कानाला एकसारखंच लागतं, सोंग झोंग. मी हे सचिवांना सांगितलं. ते खोक्याकडे बघत म्हणाले, “पण मॅडम, सगळी चालू आहेत की. सेल टाकून बघितलंय.”

शेवटी सोलापुरी चादरी न्यायचं ठरलं. घड्याळं स्नेहसंमेलनात बक्षिसं म्हणून खपली. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा घाम फुटला. घड्याळासारख्या आणखी किती गोष्टी आपल्या यादीत बसल्या असतील, आणि त्या सांगायला कुणाचाच फोन येणार नसेल?

चीनला मुलं न्यायची हे खूळ माझंच. मी अर्थशास्त्र शिकवते. आमचं सोलापूर चादरीचं आणि टॉवेलचं गाव, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी नाहीतर शेजारी माग. ‘चीनचा माल आला आणि आपला धंदा बसला’ हे वाक्य ती पाळण्यातच ऐकतात. मी तरी दर वर्षी काय शिकवत होते? तेच वाक्य, फक्त आलेख काढून. मग वाचताना कधीतरी गाओयांग सापडलं. चीनच्या हबेई प्रांतात बाओडिंगजवळचं हे गाव टॉवेलसाठी चीनभर माहीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या शेतकऱ्यांच्या घरात जपानी बनावटीचे पायाने चालवायचे लोखंडी माग आले. व्यापारी सूत द्यायचा, घरात कापड विणलं जायचं, विणलेलं कापड परत त्याच्याच पेढीवर. सूत मालकाचं, हात यांचे, मजुरी मोजून. हे वाचताना मला सोलापूरचा पूर्व भाग, आमची विणकरांची वस्ती, डोळ्यांपुढे दिसत होता.

प्रस्ताव मांडला तो मात्र कोटणीसांच्या नावाने. त्याला कारण झालं.

बैठक मार्चमध्ये होती. फेब्रुवारीत पुलवामाचा हल्ला झालेला, आणि १३ मार्चला चीनने मसूद अझहरचं नाव सुरक्षा परिषदेच्या दहशतवाद्यांच्या यादीत जायला पुन्हा अडवलेलं. व्हॉट्सअपवर चिनी मालावर बहिष्काराचे निरोप फिरत होते. एक ज्येष्ठ सदस्य प्रस्तावाचा कागद न उलगडताच म्हणाले, “लोक चिनी माळा नको म्हणायलेत आणि तुम्ही आपली पोरं तिकडं न्यायलाव?” मी टॉवेलचं भाषण तयार करून आणलं होतं. ते गिळलं आणि म्हणाले, “डॉक्टर कोटणीसांची समाधी शिजियाझ्वांगला आहे. सोलापूरच्या कॉलेजची मुलं तिथे गेलीत असं मी तरी ऐकलेलं नाही.”

खोलीचा सूर बदलला. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोटीने निघालेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात ते होते. बाकीचे चौघे परत आले. हे राहिले, चिनी शिकले, रणभूमीजवळच्या इस्पितळाचे प्रमुख झाले, ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला फेफऱ्याने गेले. वय बत्तीस. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा. त्याचं नाव यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन. व्ही. शांतारामांचा १९४६ चा सिनेमा त्या बैठकीतल्या निम्म्या लोकांनी तरी पाहिलेला. कागद न उलगडणारे सदस्यच मग सांगू लागले की त्यांच्या आजोबांनी कोटणीसांचं घर दाखवलं होतं. मंजुरी मिळाली. कोटणीसांच्या आडोशाने मी टॉवेल आत नेला, हे मला तेव्हा जरासं लागलं. नंतर नकाशा पाहिला तेव्हा मन हलकं झालं. कोटणीसांनी ज्या तांग परगण्यात शेवटची वर्षं काढली तोही बाओडिंगच्याच हद्दीत, आणि बीजिंग, बाओडिंग, शिजियाझ्वांग ही तिन्ही एकाच लोहमार्गावर. टॉवेल आणि डॉक्टर एकाच दौऱ्यात बसत होते.

त्याच बैठकीत एका सदस्यांनी सोलापूरची माती समाधीवर वाहायची सूचना केली. टाळ्या पडल्या. पुढे नियम वाचताना कळलं की चीनमध्ये प्रवाशाने माती नेणंच निषिद्ध. तो ठराव इतिवृत्तात अजून तसाच आहे.

कामाला लागले तेव्हा वाटलं होतं, विमानं आणि हॉटेलं हीच मोठी डोकेदुखी. डोकेदुखी निघाली नावांची. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडील, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर आडनाव शेवटी. पासपोर्टात आडनावाचा एक रकाना आणि नावाचा एक. त्यात आमची तिपदरी नावं कोंबायची. एकाने आडनावाचा रकाना मोकळा सोडून सगळं नाव दुसऱ्यात घातलं. तिकीट काढणाऱ्याच्या संगणकाला आडनाव हवंच होतं, म्हणून त्याने मुलाचं नाव दोनदा घातलं. चिनी रेल्वेच्या तिकिटाला पासपोर्टातलं नाव आणि क्रमांक जुळावा लागतो, तिथे मग तिसरंच रूप. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आणखी गंमत. घरचं आडनाव एक, शाळेत मास्तरांनी कानाला वाटलं तसं लिहिलेलं दुसरं. एका मुलीच्या आडनावात पासपोर्टावर एक ‘एल’ आणि मार्कशीटवर दोन. मी रात्री जेवण झालं की शिक्षकांसकट सत्तावीस नावं मोठ्याने स्पेलिंगसकट वाचायची आणि नवरा समोर दुसरा कागद धरून हुंकार द्यायचा. शेजारणीने विचारलं, कसलं पारायण लावलंय?

फोटोंचंही तसंच. चिनी व्हिसाला तेहेतीस बाय अठ्ठेचाळीस मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, दोन्ही कान दिसणारा फोटो लागतो. आमच्या कॉलेजजवळचा फोटोवाला सवयीने प्रत्येकाचा चेहरा दोन छटा उजळ करतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी केलेली पोरं. त्यांतली दोन मलाच ओळखू येईनात. पुन्हा काढायला लावले. तो दुखावला. म्हणाला, “मॅडम, आहे तसं कोण मागतंय?”

व्हिसाचे कागद घेऊन मी सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला दोनदा गेले. पहिल्या खेपेला निमंत्रणपत्र अपुरं. यजमान कॉलेजच्या परराष्ट्र संबंध कार्यालयाने ते पाठवलं होतं, पण मुलांची यादी वेगळ्या पानावर आणि त्या पानावर शिक्का नाही. चिनी कागदावर सही असली काय, नसली काय. तो लाल गोल शिक्का, मधे तारा, तो हवा. आमच्याकडे जांभळा. रंग सोडला तर आपली आणि त्यांची कचेरी मावसबहिणी आहेत असं माझं मत झालंय.

ऑगस्टमध्ये हाँगकाँगच्या विमानतळावर निदर्शक बसले आणि १२ तारखेला उड्डाणं रद्द झाली. आमचा मार्ग हाँगकाँगवरून धरलेला होता. तिकिटं अजून काढली नव्हती एवढं नशीब. संध्याकाळी सहापासून पालकांचे फोन. एका वडिलांनी विचारलं, “तिथं कर्फ्यू लागला तर पोरीला बस मिळेल का?” मी बँकॉकवरून मार्ग बदलला. माणशी दोन हजार वाढले. ते वाढलेले दोन हजार कुणाकुणाला कुठून आणावे लागले ते मला नंतर कळलं, त्याकडे येतेच.

दिवस कधीचे धरायचे यावर फार डोकं चालवावं लागलं नाही. १ ऑक्टोबरपासून आठवडाभर सगळा चीन सुट्टीवर असतो, गाडीला जागा मिळत नाही. आमची दिवाळी २७ ऑक्टोबरला, त्याआधी २१ तारखेला विधानसभेचं मतदान आणि मला अक्कलकोट तालुक्यात निवडणूक ड्युटी. भाऊबीज झाली की २ नोव्हेंबरला निघायचं. सगळं जुळलं म्हणून मी खूश. यजमानांच्या पत्रात मात्र शेवटी एक साधं वाक्य होतं: गरम कपडे आणावेत, कारण आमच्याकडची सार्वजनिक उष्णता १५ नोव्हेंबरला सुरू होते. मला दोनदा वाचावं लागलं. उत्तर चीनमध्ये इमारतींना उष्णता शहराकडून मिळते आणि ती ठरल्या तारखेला चालू होते. थंडी आधी आली तर तिने थांबायचं. आम्ही नेमके त्या मधल्या आठवड्यात पोचणार होतो.

सोलापूरच्या पोराकडे स्वेटर कशाला असेल? उन्हाळ्यात त्रेचाळीस अंश सोसणारं गाव हे. पण थंडीच्या आधी तिबेटी लोक स्वेटरांचे स्टॉल लावतात. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात आम्ही तिथे गेलो, मी आणि अकरा मुलं. स्टॉलवर साठीच्या एक बाई. मुंडगोडच्या वसाहतीत वाढलेल्या, कानडी आणि हिंदी सफाईने बोलणाऱ्या. पोरांनी ढीग उपसायला सुरुवात केली. त्यांनी हसून हिंदीत विचारलं, इतकी पोरं घेऊन कुठं निघालात, काश्मीरला?

एक मुलगा पटकन म्हणाला, “बीजिंग.”

त्यांच्या हातात एक निळा स्वेटर होता, घडी घालायला घेतलेला. घडी अर्धी झाली आणि हात थांबले. माझ्या पोटात गोळा आला. एवढ्या महिन्यांच्या याद्यांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं. त्यांनी घडी पुरी केली, स्वेटर बाजूला ठेवला, मागच्या गाठोड्यातून जाड, आत लोकरीचं अस्तर असलेला दुसरा काढला आणि म्हणाल्या, तो नको. हा घ्या. तिकडे वारा असतो.

पैसे देताना मी काहीतरी बोलायला गेले आणि बोलले ते भावाबद्दलच. त्यांनी प्रत्येकामागे पन्नास रुपये सोडले. परत येताना मुलं गप्प होती. बीजिंग म्हणणाऱ्या मुलाने रिक्षात विचारलं, “मॅडम, ते त्यांनी स्वतः बघितलेलं नसणार, ना?” पुढच्या सोमवारी मी गाओयांगचा तास रद्द केला आणि १९५९ साली तिबेटींना देश का सोडावा लागला त्यावर बोलले. दौऱ्याच्या तयारीचा तो भाग कुठल्याच कागदावर नव्हता.

आता मोकळ्या दुपारीबद्दल.

प्रवास कंपनीने पाठवलेल्या पहिल्या आराखड्यात पाचव्या दिवशी सकाळी शिजियाझ्वांगचं स्मारक, एक तास. मग तीनच्या गाडीने बीजिंगला परत, तिथे मोत्यांचं दालन आणि पारंपरिक औषधांचं केंद्र. त्याआधीच्या दोन दिवसांत रेशमाचा कारखाना आणि चहाघर. ही चारही ठिकाणं दुकानं असतात हे सांगायला नको. गाडी तिथे उभी राहिली की कुणाला तरी कमिशन मिळतं आणि आपलं भाडं उतरतं. मी चारही कापायला सांगितली. उत्तर आलं: मग माणशी ८४ हजार. ठेवलीत तर ७६.

आठ हजार! मोकळ्या दुपारीचा भाव एवढा स्वच्छ मला आधी कुणी सांगितला नव्हता. ८४ हजारांनी दोन-तीन मुलं तरी गळणार होती. माझ्या हट्टापायी? मी बी.ए.ला असताना आमची शैक्षणिक सहल विजापूरला गेली होती. गोलघुमट पाहिला, प्रतिध्वनी ऐकला, त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते परतताना बस बंद पडली आणि आम्ही तीन तास एका जिनिंगच्या शेडमध्ये बसलो ते. तिथल्या माणसाच्या भुवयांवर कापूस बसला होता आणि तो आम्हाला सरकी हातावर घेऊन दाखवत होता की कुठल्या गावचा कापूस किती उतरतो. मी अर्थशास्त्र घेतलं त्याला ती बस कारण आहे असं मी म्हणणार नाही. पण सहलीतला ठरवलेला भाग विसरायला होतो आणि न ठरवलेला राहतो, हे मी तेव्हापासून धरून बसलेय. बस बंद पाडणं माझ्या हातात नव्हतं. दुपार मोकळी ठेवणं होतं.

तडजोड केली. रेशीम आणि चहा पत्करले, मोती आणि औषध कापलं, ८० हजारांवर आणलं. मुक्काम शिजियाझ्वांगलाच. पाचव्या दिवसापुढे मी लिहिलं: ‘दुपार मोकळी.’

प्राचार्यांनी कागद परत पाठवला. समासात लाल पेनने: ‘मोकळी म्हणजे काय?’ समक्ष गेले तर म्हणाले, “मॅडम, परदेशात चोवीस पोरं मोकळी? एखादं हरवलं तर मी पालकांना काय सांगू, दुपार मोकळी होती?” त्यांचंही चूक नव्हतं. त्यांच्या टेबलावर शंभरच्या स्टॅम्प पेपरवरची चोवीस हमीपत्रं होती आणि ती असली तरी रात्री फोन त्यांनाच येणार होता. मग आम्ही बसून नियम केले. चौघांचा गट. प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचा चिनी पत्ता. गटात एक रोमिंगचं सिम, कारण तिकडच्या वायफायवर व्हॉट्सअप चालत नाही, रोमिंगवर चालतं. माणशी शंभर युआन, तेव्हाचे हजार रुपये, तेही सुट्टे. कारण तिकडे भाजीवालासुद्धा फोनवर पैसे घेतो आणि मोठ्या नोटेला मोड नसते. सहाला लॉबीत हजर. संस्थेकडे गेलेल्या प्रतीत ‘दुपार मोकळी’ पुसून ‘गटनिहाय क्षेत्रनिरीक्षण’ लिहिलं. माझ्या प्रतीत तसंच राहू दिलं.

जेवणाचं एका ओळीत सांगते. नऊ मुलं शाकाहारी. त्यांच्या गळ्यात ‘मी मांस-मासे खात नाही’ असं चिनीत लिहिलेलं कार्ड, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगा चटणी, आणि तिकडे गेल्यावर मानथौ नावाचे वाफवलेले पांढरे पाव सापडले तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

चोवीस मुलं म्हटलं, पण यादी पंचविसांची होती. पंचविसावी ती दोन ‘एल’वाली. आई विड्या वळते, वडील मागावर. वर्गात पहिली किंवा दुसरी. जूनमध्ये मी सगळ्यांना पासपोर्ट काढायला सांगितलं. पोस्टातल्या केंद्रात तिने दीड हजार भरले, एका ‘एल’साठी पुन्हा खेटे घातले, पोलिस चौकशी झाली, पासपोर्ट आला. मला तिने तो आणून दाखवला तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर आणखी एक पिशवी. माझी चूक ही की पैशाचा विषय मी त्यानंतर काढला. आधी पासपोर्ट, मग हप्ते, असा माझा क्रम होता, कारण कागद वेळ खातात. ज्यांच्या घरी पैसे होते त्यांना तो क्रम बरोबर होता.

८० हजारांचे चार हप्ते. तिने पहिला अर्धा भरला. मी शिक्षकांकडून तीस हजार गोळा केले होते, माजी विद्यार्थ्यांकडून आणखी होणार होते. मार्ग बदलून दोन हजार वाढले त्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. आई सुपात तेंदूची पानं घेऊन बसली होती. मी बोलत राहिले आणि तिचे हात चालूच. कात्रीने पान कापायचं, तंबाखू, गुंडाळी, दोरा. माझं सगळं ऐकून ती म्हणाली, “तुम्ही द्याल हो मॅडम. ती परत आल्यावर गल्ली विचारणार, कुणी दिले? का दिले? त्याला काय सांगू?” मी म्हटलं, कॉलेजने दिले म्हणून सांगा. ती म्हणाली, “कॉलेज म्हणजे तुम्हीच की.” आणि तिने मला चहा दिला. मुलगी आत होती, बाहेर आली नाही. अर्धा हप्ता मी दुसऱ्या दिवशी परत केला. यादीवरचं नाव खोडताना रेघ सरळ यावी म्हणून मी पट्टी घेतली, का ते मला सांगता येणार नाही.

दौऱ्याचं वर्णन इथे करत नाही. चीनची भिंत सगळ्यांनी पाहिलेली असते. गाओयांग मात्र सांगायला हवं, कारण त्याच्यासाठीच मी निघाले होते, आणि तिथे काहीच झालं नाही. चकचकीत शोरूम. काचेच्या पलीकडे यंत्रं. दुभाषीबाई गोड. आमच्या मुलांनी घोकून आणलेले प्रश्न, मजुरी किती, वीज काय दराने, सूत कुठून, त्या सगळ्यांना एकच उत्तर: “ही माहिती सध्या उपलब्ध नाही.” शेवटी हातात एकेक छोटा रुमाल. बाओडिंगला परतताना बसमध्ये सन्नाटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिजियाझ्वांग. स्मारकात आम्ही शेवंतीची फुलं नेली, पांढरी आणि पिवळी. तिकडे ती मृतांना वाहतात. एक मुलगी हळूच म्हणाली, “आमच्यात ही वेणीत माळतात.” नॉर्मन बेथ्यून यांची समाधीही तिथेच. कोटणीसांच्या समाधीपाशी सोलापुरी चादर पसरावी असं एकाच्या मनात आलं, पण पहाऱ्यावरचा माणूस पुढे आला आणि आम्ही ती नुसती उघडून, दाखवून, पुन्हा घडी केली. चिनी शाळेतली मुलं रांगेने आली होती. त्यांच्या बाईंनी आमच्याकडे बोट करून काहीतरी सांगितलं, आणि ती चाळीस पोरं आमच्याकडे टक लावून बघायला लागली.

मग दुपार. दोन वाजता सहा गट बाहेर पडले आणि मी लॉबीत बसले. खोलीत थांबणं शक्य नव्हतं, थंडी होती. चार तास मी दाराकडे बघत काढले. त्या चार तासांत मी पुन्हा कधीच कुणाला मोकळं सोडणार नाही असं तीनदा ठरवलं.

साडेपाचला पहिला गट आला. बागेत म्हाताऱ्या बायका रांगेत नाचत होत्या, यांना ओढून घेतलं. दुसरा गट बस चुकून शेवटच्या थांब्यापर्यंत गेला आणि त्याच बसने परत आला. सहाला पाच मिनिटं असताना पाचवा. त्यात एक मुलगा, ज्याच्या घरी आठ माग. त्याच्या हातात टॉवेल होता.

एका गल्लीत अंथरुणा-पांघरुणांचं दुकान दिसलं, हे आत गेले. दुकानदारीणबाई एकट्या, मुलाचा अभ्यास घेत बसलेल्या. याने टॉवेल उलटा केला, लूप नखाने ओढून पाहिला, काठ मोजला, तळहातावर वजन घेतलं. बाई बघत राहिल्या. मग त्यांनीही दुसरा टॉवेल घेतला आणि तसाच लूप ओढून दाखवला: हा बघ, हा सुटत नाही. भाषा एकाही शब्दाची नाही. मग फोनवरचं भाषांतर. बाईंचे आईवडील गाओयांगचे! लहानपणी घरात माग होते, नंतर गेले. का गेले? मोठ्या कारखान्यांपुढे टिकले नाहीत. कारखाने कुठले? तिथलेच, गावातलेच. मुलाने बारा युआनचा टॉवेल घेतला, शंभराची नोट दिली, मोड नव्हती. माझ्या सुट्ट्यांच्या नियमाचं त्याने काय केलं होतं देव जाणे. बाई शेजारच्या नूडलवाल्याकडे जाऊन मोड घेऊन आल्या.

मुलगा लॉबीत माझ्यासमोर टॉवेल पसरून बसला. “मॅडम, आमच्यापेक्षा हलका आहे. पण काठ बघा, काठ आपल्याहून चांगला शिवलाय.” आणि मग जरा थांबून, “त्यांचे माग पण चीननेच बंद पाडले म्हणायचं.”

सहावा गट सहा वाजून वीस मिनिटांनी आला. त्यांना मी काय बोलले ते छापण्याजोगं नाही.

दुकानदारीणबाईंना त्याने वीचॅटवर जोडून घेतलं होतं. जानेवारीत तिकडून साथीच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा त्याने कशा आहात विचारलं. त्यांनी बंद दुकानाचा फोटो पाठवला. एप्रिलमध्ये त्यांनी विचारलं, याने बंद मागांचा पाठवला. जूनमध्ये गलवानची चकमक झाली, २९ तारखेला सरकारने एकोणसाठ ॲप बंद केली, त्यात वीचॅट होतं. पुढच्या वर्षीच्या दौऱ्याची फाइल मी डिसेंबरमध्येच उघडली होती. आत एकच कागद होता, हप्त्यांचा, आणि त्यात पासपोर्ट शेवटी होता.

थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली तेव्हा स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, चला मॅडम, काढा फाइल. त्याच आठवड्यात बँकेत ती भेटली, दोन ‘एल’वाली. आता तिथेच कामाला आहे. मी विचारलं, पासपोर्ट आहे का गं अजून?

“आहे की मॅडम. २०२९ पर्यंत चालतो.” काउंटरवरचे कागद एकसारखे करत ती म्हणाली, “केवायसीला लई उपयोगी पडतो.”